सतरावी जोडी

सकाळी सातला निरीक्षण कक्षात आल्यावर अनंत रेगे आधी खिडकीचा पडदा सरकवत आणि मगच अंगातला कोट काढत. जर्सी सिटीतल्या त्या बाराव्या मजल्यावरून हडसन नदीपलीकडचं न्यूयॉर्क सगळं दिसे. उंच इमारतींच्या माथ्यांनी आकाशाच्या कडेवर ओढलेली ती दातेरी आकाशरेषा अकरा वर्षं ते रोज पाहत होते. ती कालच्यासारखीच दिसते, पण कालचीच असते असं नाही, हेही त्यांना अकरा वर्षं माहीत होतं. एखादी इमारत केसाच्या जाडीएवढी खाली गेलेली असे. डोळ्यांना ते कळत नसे. ते कळावं म्हणूनच हा कक्ष होता.

मोठ्या शहरांतल्या इमारती खचतात, ही गोष्ट आता कुणाला नवी राहिली नव्हती. पूर्वी उपग्रह वरून ही मापं घेत. पुढे कक्षेत साचलेल्या कचऱ्यावर आपटून उपग्रह एकेक करत निकामी झाले, तेव्हा उंचीघड्याळं आली. जमिनीपासून जितकं वर जावं, तितका काळ किंचित भरभर चालतो. हा फरक इतका सूक्ष्म असतो, की डोंगरावर जन्म काढलेल्या माणसालाही त्याचा पत्ता लागत नाही. पण उंचीघड्याळाला तो कळतो. इमारतीच्या माथ्यावर बसवलेलं असं घड्याळ एक मिलिमीटर खाली गेलं तरी तेवढ्यापुरतं मंदावतं.

अडचण एवढीच होती, की घड्याळ मंदावलं हे कळायला दुसरं घड्याळ शेजारी धरावं लागतं. त्याच शहरातलं घेतलं तर उपयोग नाही, कारण भरती-ओहोटीबरोबर सगळं शहरच थोडं वरखाली होतं. म्हणून न्यूयॉर्कच्या चोवीस आणि शिकागोच्या चोवीस इमारती निवडून त्यांच्या जोड्या लावल्या होत्या. दोन शहरांमधल्या काचतंतूच्या तारेतून एका वेळी एका जोडीचे ठोके जुळवून पाहायचे. अशा महिन्याभरात सगळ्या जोड्या होत. तिसरं घड्याळ कोलोरॅडोच्या डोंगरात पक्क्या खडकावर बसवायचं ठरलं होतं. ते अजून बसलं नव्हतं.

साडेसातला शिकागोचा फोन वाजला. तिकडे ॲबी होती. तीन महिन्यांपूर्वी रुजू झालेली ही मुलगी आकडे वाचताना कधी खोकतसुद्धा नसे, आणि सांगितलेलं आजवर मुकाट लिहून घेत असे.

"सतरावी जोडी," ती इंग्रजीत म्हणाली. "तुमचा हॅरो टॉवर, आमचा मार्लो टॉवर. मागच्या महिन्यापेक्षा फरक एक पूर्णांक तीन मिलिमीटर. हॅरो खाली, किंवा मार्लो वर."

"लहान आहे," रेगे म्हणाले. "निम्मा तुमच्याकडे लिहा, निम्मा मी माझ्याकडे लिहितो."

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला.

"का?" ॲबीने विचारलं. "फरक आहे तर तो दोघांपैकी कुणाचा तरी असेल. निम्मा-निम्मा कसा असेल?"

रेग्यांनी पेन खाली ठेवलं. अकरा वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, कारण अकरा वर्षं तिकडे प्रभाकर माटे होता.

माटे आणि रेगे सांगलीला इंजिनिअरिंगला एका खोलीत राहत. घरून आलेला भडंगाचा पुडा असो की परीक्षेच्या आधीची शेवटची मेणबत्ती असो, निम्मं तुझं, निम्मं माझं, असा त्यांचा चार वर्षांचा शिरस्ता. पुढे माटे शिकागोला स्थिरावला आणि हे केंद्र निघालं तेव्हा त्यानेच रेग्यांचं नाव सुचवलं. रोज सकाळी आकडे वाचून झाले की दोघांची मराठीत जुगलबंदी चाले.

"रेग्या, तुझं न्यूयॉर्क म्हणजे पंगत वाढायच्या आधीच पानावर बसलेली माणसं रे. एकाचं कोपर दुसऱ्याच्या ताटात! आमच्याकडे बघ. समोर तळं, मागे आकाश, आणि इमारती कशा अंतर राखून उभ्या आहेत."

"फोटोसाठी उभं केलंय त्यांना. कुणी हसू नका म्हणून सांगितलंय."

"पण तुझी माणसं उंच आहेत तरी एकसुद्धा लक्षात राहत नाही. आमच्याकडे प्रत्येकाला चेहरा आहे."

"चेहरा आहे, पण पाय कुठे आहेत? चिखलात. आम्ही खडकावर उभे आहोत, माट्या."

हे मात्र खरं होतं. न्यूयॉर्कच्या बुडाशी खडक आणि शिकागोच्या बुडाशी चिकणमाती. त्यात शिकागोच्या तळघरांतल्या यंत्रांनी आणि बोगद्यांनी ती माती तापत चालली होती आणि तापून जागोजाग फुगत होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून शिकागोतली इमारत ऐंशी मिलिमीटरच्या वर उचलली गेली तर ती रिकामी करायची आणि न्यूयॉर्कमधली मात्र दीडशेपर्यंत खचली तरी चालवून घ्यायची, असे दोन वेगळे नियम होते.

तिसरा नियम लहान फरकांचा होता. मोठा फरक दिसला तर नवा जोडीदार लावून तो कुणाचा ते पाहत; दोन मिलिमीटरच्या आतल्या फरकासाठी तार अडवायची नाही. म्हणून दोन्ही इमारतींच्या पायथ्याशी जाऊन पाहणी करायची. पहिल्या वर्षी त्यांनी तशा सहा पाहण्या केल्या. रेग्यांना ते काम नकोसं होई. अनोळखी रखवालदारांना फोन करायचे, तळघरं उघडून मागायची, भाडेकरूंच्या कपाळावरच्या आठ्या बघायच्या. आणि एवढं करून सापडे काहीच नाही. मग एका सकाळी तेच भीतभीत म्हणाले होते, "माट्या, एवढ्यातेवढ्यासाठी कशाला लोकांना त्रास? निम्मं तुझं, निम्मं माझं. अन्याय कुणावरच नाही."

"अगदी भडंगासारखं," माटे हसून म्हणाला होता.

त्या दिवसापासून यंत्रात दोघांनी कबूल केलेला आकडाच जाई. मूळ ठोके नव्वद दिवसांनी आपोआप पुसले जात.

"मिस्टर रेगे?" ॲबीने विचारलं. "ऐकू येतंय ना?"

"हो. तुम्ही तो फरक अनिर्णित ठेवा," रेगे म्हणाले. "आणि एक करा. या महिन्यात हॅरोची जोडी आणखी एकदा लावू. मार्लोबरोबर नको. दुसरी कुठलीही इमारत घ्या."

फोन ठेवल्यावर चहा करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

हॅरो टॉवरची मूळची जोडी मार्लो नव्हतीच. ती होती लेकमोर. तळ्याकाठची अठ्ठावन्न मजल्यांची, फिक्या विटकरी रंगाची इमारत. अकरा वर्षांत लेकमोर महिन्याला थोडी थोडी करत अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर वर उचलली गेली होती, निदान नोंदीत तरी. ऐंशीची मर्यादा ओलांडली तेव्हा चारशे बारा कुटुंबांना दहा दिवसांत घरं सोडावी लागली. त्या आदेशावर दोन सह्या होत्या, रेग्यांची आणि माट्याची. एकतिसाव्या मजल्यावरचं माट्याचं स्वतःचं घरही त्यात होतं. सही करताना माटे म्हणाला होता, "बरं झालं माझंच आहे. नाहीतर लोक म्हणाले असते, स्वतः मजेत राहतो आणि दुसऱ्यांना बाहेर काढतो."

तीन महिन्यांपूर्वी लेकमोर वरून पाडायला सुरुवात झाली. माथ्यावरचं घड्याळ उतरवलं आणि हॅरोला नवा जोडीदार मिळाला. लेकमोरची माती फुगत होती, तर लेकमोर गेल्यावर फरक थांबायला हवा होता.

नेहमीच्या जोडीला एक दिवस पुरे, पण नव्या जोडीला मागचा आकडा नसतो; दुसऱ्या इमारतीबरोबरचे ठोके सलग पाहून जुळून यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत रेगे रोज संध्याकाळी घरी जात, तेव्हा घरी माटे असे.

बायको कुमुद गेल्यावर माटे निवृत्ती घेऊन त्यांच्याकडे आला होता. "पंधरा दिवस राहतो, मग बघू," असं म्हणत त्याने पुस्तकांचे ढीग बाजूला करून सोफ्यावर जागा केली होती. लेकमोर सोडल्यावर त्यांना शहराबाहेर तात्पुरती जागा दिली होती. कुमुदवहिनी तिथे पाच आठवडे जगल्या. न्यूमोनिया झाला होता, वय झालं होतं. माटे कुणाला दोष देत नसे. एवढंच सांगे, की ती रोज सकाळी विचारायची, परत कधी जायचं? आणि तो रोज सांगायचा, घर आता धोक्याचं आहे गं.

एके संध्याकाळी दोघं नदीकाठी फिरायला गेले. समोर न्यूयॉर्कच्या काचांवर उतरतं ऊन होतं.

"कबूल करायला हरकत नाही," माटे म्हणाला. "तुझंही बरं दिसतं. गर्दी आहे, पण गर्दीत एक ऊब असते. आमच्याकडे आता मध्येच पडलेल्या दातासारखं दिसत असेल. किती मजले उतरवले?"

"एकोणीस."

"म्हणजे अजून आमच्या मजल्याला हात लागला नाही." तो हिशोब करत असल्यासारखा बोटं हलवत राहिला. "अठ्ठावन्नातून एकोणीस गेले. एकोणचाळीस. अजून आठ आहेत मध्ये. तू असा गप्प का रे?"

"काही नाही. डोकं दुखतंय."

"कॉलेजात तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी दुखायचं, तसं?"

रेगे हसले. बोलायची ती वेळ होती, असं त्यांना घरी पोचल्यावर वाटलं.

ॲबीचा आकडा आला तो मंगळवारी. महिन्याला एक पूर्णांक तीन. मार्लोबरोबर तेवढाच, या नव्या इमारतीबरोबरही तेवढाच. शिकागोतल्या दोन वेगळ्या इमारती, एकमेकींपासून तीन मैलांवर, सारख्याच फुगणं शक्य नव्हतं. हलत होती ती एकच.

तरीही रेग्यांना स्वतःच्या निष्कर्षावर विश्वास बसेना. त्यांनी हॅरो टॉवरचा बांधकामाच्या वेळचा नकाशा छापून घेतला, तो घडी करून खिशात घातला आणि दुपारी नदीखालून पलीकडे गेले. अकरा वर्षांत ते या इमारतीच्या दारात कधी उभे राहिले नव्हते.

चौसष्ट मजल्यांचा हॅरो टॉवर जवळून वेगळाच भासत होता. दाराशी एक बाई मुलाचं जाकीट बंद करत होती. कुणी किराणा आणत होतं. नकाशात मुख्य दाराला फुटपाथपासून चार पायऱ्या होत्या. रेग्यांनी मोजल्या. तीन. त्यांनी पुन्हा मोजल्या, मग वाकून सगळ्यात खालच्या पायरीची उंची पट्टीने मोजली. ती पुरी होती. चौथी पायरी अर्धीमुर्धी नव्हे, पूर्ण नाहीशी झाली होती.

"काही हरवलं का?" दारातून आवाज आला. इमारतीची देखभाल पाहणारा माणूस होता, हातात स्क्रू-ड्रायव्हर. त्याच्या छातीवरच्या पट्टीवर 'ओर्तेगा' लिहिलं होतं.

"नाही. इथे पूर्वी एक पायरी जास्त होती का?"

"होती ना. मी लागलो तेव्हा चार होत्या." ओर्तेगाने पायाने फुटपाथ थोपटला. "शहराची माणसं दर दोन-तीन वर्षांनी येतात, फुटपाथ रस्त्याच्या उंचीला आणून जातात. एकेक थर चढत गेला. म्हाताऱ्यांना बरंच झालं, एक पायरी कमी चढावी लागते."

"फुटपाथ वर आला नाही," रेगे म्हणाले.

"मग?"

रेगे पुन्हा नकाशाकडे वळले. नकाशात पायरीची उंची एकशे पंचाहत्तर मिलिमीटर लिहिली होती. नोंदीप्रमाणे हॅरो अठ्ठ्याऐंशी खचली होती. ते खरं असतं तर चौथ्या पायरीचा अर्धा भाग अजून फुटपाथच्या वर दिसला असता. अठ्ठ्याऐंशी इकडे आणि अठ्ठ्याऐंशी तिकडे. बेरीज एकशे शहात्तर. लेकमोरच्या नावावर लिहिलेलं सगळं इथलं होतं.

आता ते नकाशातली दुसरी गोष्ट पाहत होते, जी त्यांनी आजवर कधी पाहिली नव्हती. इमारतीच्या पूर्व बाजूखाली जुना बुजवलेला ओढा होता. तिथे खडक तिरपा होत खोल गेला होता आणि पायाचे खांब त्या तिरप्या खडकावर टेकवले होते. दीडशेच्या पुढे गेल्यावर खांबांची टोकं त्या उतारावर धरून राहतील की नाही, हे सांगता येत नाही, असं संरचना अभियंत्याने समासात लिहून ठेवलं होतं. न्यूयॉर्कची मर्यादा दीडशेची ठेवली होती ती अशाच पायांमुळे.

"साहेब, आत येऊन बसता का?" ओर्तेगाने विचारलं. "तुमचा चेहरा बरा दिसत नाही."

"इथे किती माणसं राहतात?"

"एकोणीसशे. कुत्री-मांजरं सोडून." तो हसला.

ट्रेनमधून परतताना रेग्यांच्या मनात एक विचार येऊन गेला, आणि तो आला याचीच त्यांना लाज वाटली. यंत्रातल्या नोंदीनुसार हॅरो अठ्ठ्याऐंशीवर होती. या तीन महिन्यांचे फरक पुरे धरले तरी फार तर ब्याण्णव. दीडशेला पोचायला अजून चार वर्षं होती. जुने मूळ ठोके पुसले गेले होते. निम्म्या-निम्म्याचा कागद कुठे नव्हता. ॲबीला तीन महिन्यांपुरतंच ठाऊक होतं; अकरा वर्षांची ही गोष्ट जगात फक्त दोन म्हाताऱ्यांना माहीत होती, आणि त्यातल्या एकाला अजून तिचा अर्थ माहीत नव्हता. गप्प राहिलं तर हॅरो कागदावर चार वर्षं सुरक्षित होती. आणि माट्याला आयुष्यभर वाटत राहिलं असतं, की आपण योग्य तेच केलं.

घरी माटे फोडणीचा भात करत होता.

"ये. मिरच्या संपल्यात, म्हणून मिरी घातली आहे. नावं ठेवू नकोस."

"माट्या, गॅस बंद कर."

"का? करपतोय?"

"बंद कर आणि बस."

माट्याने गॅस बंद केला, पण तो बसला नाही. हातात कालथा तसाच होता. रेग्यांनी सांगायला सुरुवात केली ती निष्कर्ष टाळून, पहिल्या आकड्यापासून. मार्लो, मग दुसरी इमारत, मग पायरी. मध्येच नकाशा काढून ओट्यावर पसरला. माटे उत्तम अभियंता होता. पायरीपर्यंत येण्याआधीच त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने नकाशाकडे पाहिलंच नाही.

"किती?" त्याने विचारलं.

"एकशे शहात्तर. आता थोडं जास्त."

"सगळं हॅरोचं?"

"सगळं."

"म्हणजे आमचं घर जागचं हललं नव्हतं."

रेगे नकाशाची घडी बोटाने सपाट करत राहिले.

"एक मिलिमीटर तरी?"

"नाही रे."

माट्याने कालथा ओट्यावर ठेवला, नीट आडवा, आवाज न करता. मग तो सोफ्यावर जाऊन बसला. तिथूनच म्हणाला, "ती म्हणायची, अहो, स्वयंपाकघरातलं तेल वाटीत ठेवलं तर एका बाजूला जात नाही, भिंतीला चीर नाही, मग धोका कसला? मी तिला सांगायचो, तुला कळत नाही. घड्याळाला कळतं."

"कल्पना माझी होती," रेगे म्हणाले. "निम्म्या-निम्म्याची. मी लिहून देतो तसं."

"गप रे! म्हणे लिहून देतो." माट्याचा आवाज एकदम चढला. "अकरा वर्षं मी काय झोपलो होतो? तुला लोकांशी बोलायची लाज, म्हणून तू म्हणालास. मला कसली लाज होती? मला काय, तळघरात उतरायचा कंटाळा. तेवढंच! तेवढ्यासाठी!" त्याने चष्मा काढून डोळे पुसले. "तू कधीपासून ओळखलं होतंस?"

"तीन आठवडे शंका होती."

"तीन आठवडे. आणि मी इथे तुझ्यासमोर आमचे मजले मोजत होतो."

"सांगायला हवं होतं."

"हवं होतं."

रेग्यांनी नकाशा घडी करून खिशात घातला. शेवटी माट्याने चष्मा चढवला. "त्या इमारतीत माणसं किती?"

"एकोणीसशे."

"मग बसलास काय असा? संचालक बाईंना फोन लाव. पाच वाजायला आलेत, गाठ पडेल अजून."

संचालक मिसेस हॅलोरन यांनी दोघांना लगेच केंद्रावर बोलावून घेतलं. त्यांनी सगळं ऐकलं, पायरीचे फोटो पाहिले, एकदाही आवाज चढवला नाही. सहा वाजता त्यांनी शहराला कळवलं. साडेसहाला हॅरो टॉवरच्या दाराशी पहिली बस लागली. काचेच्या भिंतीवरच्या पडद्यावर ते दिसत होतं. माणसं पिशव्या, पिंजरे, औषधांचे डबे घेऊन त्या तीन पायऱ्या उतरत होती. ओर्तेगा एका आजीबाईंची चाकाची खुर्ची धरून उतरवत होता. दुसऱ्या एका फोनवरून शिकागोला लेकमोरचं पाडकाम थांबवायला सांगितलं गेलं. पण वरचे एकोणीस मजले आता नव्हतेच, आणि उरलेल्या इमारतीचे वीज-पाण्याचे सगळे मार्ग कापून झाले होते. ती पुन्हा राहण्याजोगी होणार नाही, असं तिकडून कळवण्यात आलं. माटे मान खाली घालून ते ऐकत होता.

"तुमच्या दोघांचं काय करायचं ते समिती ठरवेल," मिसेस हॅलोरन म्हणाल्या. "आज मला वेगळं विचारायचं आहे. फक्त सतराव्या जोडीतच वाटून घेत होतात?"

रेगे आणि माटे एकमेकांकडे पाहू लागले.

"नाही," माटे म्हणाला.

"किती जोड्यांत?"

"सगळ्याच," रेगे म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. "दोन मिलिमीटरच्या आतलं सगळंच, अकरा वर्षं."

मिसेस हॅलोरन यांनी यंत्रावर काही टिपलं. पडद्यावर बसच्या जागी दोन आकाशरेषा आल्या, वर न्यूयॉर्कची आणि खाली शिकागोची. एक दाट, खांद्याला खांदा लावलेली. दुसरी तळ्याकाठी सुटी सुटी पसरलेली, मध्ये एक माथा कापलेला. त्यांवर एकेक करत लाल ठिपके उमटू लागले. जिथे निम्म्या-निम्म्याची बेरीज धोक्याच्या जवळ जात होती अशा जोड्या. ठिपके थांबले तेव्हा नऊ जोड्या होत्या. अठरा इमारती.

"प्रत्येक जोडीत एक इमारत निर्दोष असेल आणि दुसरी नोंदीपेक्षा दुप्पट हललेली," मिसेस हॅलोरन म्हणाल्या. "किंवा दोन्ही थोड्या थोड्या. बरोबर?"

"बरोबर," माटे म्हणाला.

"कोणती कुठली, हे सांगता येईल?"

"नवे जोडीदार लावून. एका जोडीला तीन आठवडे. तार एकच आहे."

"आणि पायऱ्या मोजून?"

"सगळ्यांना पायऱ्या नाहीत," रेगे म्हणाले. "बऱ्याच इमारतींचा फुटपाथ बरोबरच खचतो. मग काहीच दिसत नाही."

"म्हणजे सत्तावीस आठवडे." त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "या अठरा इमारतींत एकतीस हजार माणसं राहतात. एकतीस हजारांना एकदम ठेवायला दोन्ही शहरांत मिळून जागा नाही, आणि अर्ध्यांना उगाच बाहेर काढायचं म्हटलं तरी कोणते अर्धे? तुम्ही या इमारतींना अकरा वर्षं ओळखता. तारेवर पहिली कोणती जोडी घ्यायची, ते तुम्ही सांगा. मी तसा क्रम लावते."

रेग्यांनी यादी समोर ओढली. नऊ ओळी, प्रत्येक ओळीत दोन नावं. त्यांना त्यांतल्या एकाही इमारतीचं दार कुठल्या बाजूला आहे हे माहीत नव्हतं. माट्याने शेजारी येऊन चष्मा वर केला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. रेग्यांना सहावी अधिक धोक्याची वाटत होती. ते तसं म्हणणार होते, पण तिसरीबद्दल आपल्याला जेवढी खात्री नाही तेवढीच सहावीबद्दलही नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. बाहेर पलीकडच्या तीरावर दिवे लागत होते, चौसष्ट मजल्यांचा एक उभा पट्टा तेवढा काळा राहत चालला होता. बाकी सगळीकडे लोक कामावरून घरी येत होते.

"पहिली कोणती ते ठरवू आम्ही," माटे म्हणाला. त्याचं बोट अजून कागदावर होतं. "बाई, शेवटी ज्यांची पाळी येईल त्या माणसांना हे आज कुणी सांगणार आहे का?"